यंदाच्या यादीतली पाचवी जागा

दरवर्षी डिसेंबर संपत आला की टाचणवहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी करते. वर्षभरात ऐकलेल्यांपैकी मनात राहिलेली पाच ध्वनिमुद्रणे. बी.एड. करताना वसतिगृहात लागलेली ही सवय आहे. मी गाणे शिकलेली नाही. राग ओळखायला गेले तर निम्म्या वेळा चुकते. पण ऐकते मनापासून. आटपाडीत मैफलीचा योग क्वचितच येतो, त्यामुळे माझे बहुतेक ऐकणे ध्वनिमुद्रणांतूनच झाले. आधी अब्बांच्या कॅसेटी, मग सीडी आणि आता मोबाइल.

यादीचे नियम दोनच आहेत. अल्बम त्याच वर्षी निघालेला असला पाहिजे अशी अट नाही. वर्ष ऐकणाऱ्याचे धरायचे, कंपनीचे नाही. आणि एकदा ऐकून आवडले एवढ्यावर जागा मिळत नाही. पावसाळ्यात आवडलेले थंडीतही पुन्हा ऐकावेसे वाटले पाहिजे.

२०२५ ची यादी मी स्टाफरूममध्ये लिहीत होते. आमच्या उर्दू शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ती वाचली आणि हसत विचारले, "आपा, इसमें अपना कितना?" त्यांनी सहज विचारले होते. मी तेव्हा हसून वही मिटली. पण प्रश्न घरी आला, आणि बरेच दिवस राहिला. म्हणून या यादीची समीक्षा करता करता त्या प्रश्नाचेही उत्तर शोधायचे ठरवले.

१

पहिल्या जागेवर उस्ताद अब्दुल करीम खाँ आहेत. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या तबकड्या आता साफसूफ करून मोबाइलवर ऐकता येतात. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या वेळात राग मांडायचा म्हणजे आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत अख्खी कादंबरी शिकवण्यासारखेच. खाँसाहेब मात्र कुठेही घाई करत नाहीत. झिंझोटीतली त्यांची ठुमरी मी यंदा किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. हीच तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ऐकल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही.

या आवाजात जोर नाही. तो बारीक आहे, जरा नाकातून येतो, आणि एकेका सुराजवळ असा थांबतो की सूर लागला असे न वाटता सूर तिथे आधीपासूनच होता असे वाटते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार झाला तो यामुळेच असावा.

पण मी भाषेची शिक्षिका आहे, आणि माझी एक तक्रार आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातले 'चंद्रिका ही जणू' हे पद खाँसाहेबांनी तबकडीवर गायले आहे. ते ऐकताना शब्द हाताला लागत नाहीत. मराठी अक्षरे सुरात विरघळून जातात. ज्याला पद आधीपासून पाठ नाही त्याला एका ऐकण्यात अर्थ कळणार नाही. पूर्वी मला वाटे, खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, म्हणून मराठी नीट येत नसेल. पण ते ठुमरीचे शब्दही तसेच वितळवतात. शब्द ही त्यांच्या दृष्टीने सुरापर्यंत जाण्याची पायरी आहे. हा त्यांचा दोष म्हणायचा की मार्ग, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. मी दोष म्हणते, आणि तरीही पहिली जागा त्यांनाच देते.

खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरजेच्याच मातीत विसावले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडच्या सिंगपेरुमाळ कोईल या स्टेशनावर त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेला त्यांनी नमाज अदा केली आणि दरबारीच्या सुरात कलमा म्हटला, असे सांगतात. गाणे जायज की नाजायज हा वाद आपल्या घराघरांत आहे. तो सोडवण्याचा अधिकार मला नाही. पण हा वाद निघाला की मला ते स्टेशन आठवते. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर मूळचे शस्त्रे घडवणारे शिकलगार. त्यांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे आटपाडीकरांनी सांगोला ओलांडला की लागणाऱ्या मुलखातून. तबकडीतल्या खरखरीमागे तंबोरा ऐकू येतो, तेव्हा हा सगळा कोरडवाहू पट्टा मला त्यात ऐकू येतो.

२

दुसऱ्या जागेवर 'गीतरामायण' आहे. सहकारी बाईंचे बोट याच नावावर थांबले होते.

ग. दि. माडगूळकर आमच्या तालुक्यातले. जन्म शेटफळेचा, लहानपण माडगुळ्याचे. आटपाडीत त्यांचे नाव घेताना कोणी आडनावाची जात पाहत नाही. ते गावचे आहेत, बस्स. रामनवमीच्या दिवसांत कर्ण्यावरून येणारी ही गीते माझ्या कानावर पडली तेव्हा मला मराठी नीट वाचताही येत नव्हते.

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून या मालिकेचे पहिले गीत प्रसारित झाले. २०२५ च्या १ एप्रिलला त्याला सत्तर वर्षे झाली. त्या दिवशी मी ठरवले की मूळ श्रोत्यांनी ऐकले तसेच ऐकायचे, आठवड्याला एक. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीते छप्पन्न झाली. डिसेंबरअखेर माझी चाळीस झाली आहेत, सोळा उरली आहेत. या ऐकण्यातून एक गोष्ट कळली, ती सलग कॅसेटी लावून कधी कळली नव्हती. माडगूळकर कथा सांगत नाहीत, ते प्रत्येक वेळी एका माणसाला बोलते करतात. आज दशरथ, उद्या कैकेयी, परवा नावाडी. प्रत्येकाला आपल्या बाजूने बोलायची एक संधी मिळते, आणि त्या गीतापुरते आपण त्याच्या बाजूने होतो. मुलांना निबंध शिकवताना 'दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहा' असे मी सांगते. त्याचा याहून चांगला नमुना मला मराठीत माहीत नाही.

सुधीर फडक्यांच्या चाली आणि शब्दोच्चार यांविषयी काय बोलावे? खाँसाहेबांबद्दलची माझी तक्रार इथे पूर्ण फिटते. एक अक्षर सांडत नाही. मात्र घराघरांत पोचलेल्या संचात सर्व गीते फडक्यांच्याच आवाजात आहेत, आणि ही त्या संचाची उणीव आहे असे माझे मत आहे. आकाशवाणीवर वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. सीता माणिक वर्मांची होती. एकच पुरुष राम, सीता आणि कौसल्या अशा सर्वांचे गाऊ लागला की कीर्तनाचा एकसंधपणा येतो, हे खरे. पण प्रत्येक पात्राला स्वतंत्र बोलते करण्याचे कवीचे जे काम, ते थोडे पुसट होते. सीतेचे दुःख पुरुषाच्या तोंडून आले की ती हकीकत होते.

त्या माणिक वर्मा कोणाकडे शिकल्या? सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. ही दोघे अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुले. म्हणजे आकाशवाणीवरच्या सीतेच्या गळ्यात मिरजेच्या खाँसाहेबांची तालीम होती. हे समजल्यावर पहिल्यांदा मला वाटले, बाईंना देण्याजोगे उत्तर सापडले. उद्या सांगायचे, बघा, यातही अपना आहे. पण रात्री विचार केला तेव्हा तो हिशेब मलाच पटला नाही. हे नाते कळण्याच्या आधीच मला 'गीतरामायण' आवडत होते. आवडीला वंशावळ लावून तिची सुटका करून घ्यायची वेळ माझ्यावर यावी, हेच मला खटकले.

३

तिसरी जागा महंमद रफींच्या मराठी गाण्यांना. २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जुनी गाणी पुन्हा वाजू लागली, आणि त्यात श्रीकांत ठाकरे यांनी स्वरबद्ध केलेली ही थोडी गाणीही होती. त्यांतले वंदना विटणकरांचे 'शोधिसी मानवा' मी वर्षभर वर्गात वाजवले. कारण भक्तीचे नाही, भाषेचे आहे.

उर्दू लिपीत 'ळ' नाही. आमची मुले घरी दखनी बोलतात, तिच्यात 'ळ' चा 'ल' होतो. शाळा 'शाला' होते आणि फळा 'फला'. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत आमच्या एका हुशार मुलीने 'काळजी' ऐवजी 'कालजी' म्हटले आणि समोरची मुले हसली. त्यानंतर तिने स्टेजवर जायचे सोडले. एका अक्षराने एवढे होते. म्हणून मी शोधत होते की उर्दूवर पोसलेला, मुलांना आपला वाटणारा एखादा आवाज मराठी कसा उच्चारतो. या गाण्याच्या पहिल्याच ओळीत 'राऊळ' या शब्दाचे रूप येते. मुलांना सांगितले, फक्त तो एक 'ळ' ऐका. रफींची जीभ तिथे मागे जाते ते ऐकू येते. त्यांचा 'ळ' गावच्या म्हाताऱ्यासारखा घट्ट नाही, जरा हलका आहे, पण 'ल' नव्हे. मुलांनी तो उचलला. ती मुलगीही वर्गात तो शब्द म्हणते. स्टेजवर अजून गेलेली नाही.

टीका करायची तर या गाण्यांचा वाद्यमेळ आता जुना वाटतो, आणि काही ठिकाणी रफी मराठी भावगीतालाही हिंदी चित्रपटातल्या नाट्याने भिडतात. भावगीताला इतका मोठा आवाज लागत नाही. पण परक्या भाषेसमोर इतक्या अदबीने उभा राहिलेला मोठा कलावंत पाहायचा असेल तर ही गाणी ऐकावीत. आपल्या मुलांना मराठीची भीती वाटते, आणि मराठी शाळेतल्या मुलांना उर्दू फक्त शेरोशायरीची भाषा वाटते. दोन्ही वर्गांना हे एक गाणे द्यावे.

४

चौथी जागा बेगम अख्तर यांना. शकील बदायुनींची ती प्रसिद्ध गझल आणि सोबतच्या गझला. उर्दू शिकवणाऱ्या बाईच्या यादीत हे नाव असणारच, असे कोणी म्हणेल. पण खरे सांगते, विद्यार्थिदशेत मला त्या आवडत नव्हत्या. वर चढताना त्यांचा आवाज मध्येच फाटतो, तो मला दोष वाटे. जाणकार त्याला 'पत्ती' म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात. यंदा पहिल्यांदा मला ती तडा जाण्याची जागा कळली. ती कुठेही येत नाही. शेरातला जो शब्द अधिक भार सोसू शकत नाही, नेमका तिथेच आवाज तुटतो. खाँसाहेब शब्द विरघळवतात, फडके तो लख्ख घासून ठेवतात, आणि बेगम अख्तर त्याला तडा देऊन आतले दाखवतात. गझल गावी कशी याचे याहून मोठे उत्तर मला सापडलेले नाही.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मी ऐकताना विसरू शकत नाही. १९४५ साली बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी निकाह झाल्यावर त्यांचे गाणे बंद झाले. घराण्याची अब्रू म्हणून. पुढे त्या आजारी पडल्या, आणि १९४९ साली लखनौ रेडिओवर पुन्हा गायल्या. मधली काही वर्षे शांत आहेत. त्या वर्षांतले काहीच आपल्यापाशी नाही. त्या परत आल्या म्हणून आपल्याला निदान कळते की मध्ये काही हरवले होते. ज्या परत आल्याच नाहीत त्यांचे काय?

५

पाचव्या जागेवर काय लिहावे ते मला सुचले नाही, आणि 'अपना कितना' या प्रश्नाचे माझे उत्तर तिथेच आहे.

वरच्या चारही ध्वनिमुद्रणांत अपना-पराया मोजता येत नाही, आणि मोजूही नये. खाँसाहेब नावाने मुसलमान आहेत म्हणून माझे होत नाहीत, आणि माडगूळकर रामाची कथा गातात म्हणून परके होत नाहीत. चारही माझे आहेत, कारण मी ते वर्षभर ऐकले आहेत. पण बाईंच्या प्रश्नात एक खरी गोष्ट होती, तिकडे मी आधी लक्ष दिले नव्हते. आमच्या घरात, आमच्या बोलीत गायले गेलेले एकही गाणे या यादीत नाही. आवडत नाही म्हणून नव्हे. त्याचे ध्वनिमुद्रणच नाही.

माझी दादी हळदीच्या रात्री ढोलक घेऊन बसायची. दखनी आणि मराठी एकाच ओळीत मिसळलेली, व्याहीणबाईला चिडवणारी, नवरीला रडवणारी गाणी. मामूंनी सौदीहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर अब्बांनी फूफीच्या लग्नात ती गाणी भरून घेतली होती. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून वरची प्लास्टिकची टिकलीही मोडून ठेवली होती. मी दहा वर्षांची असेन. मला रेडिओवरची सिनेमाची गाणी भरायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा भरता येते, हे मला कोणीतरी शिकवले होते. मी दोन्ही बाजू भरल्या. अब्बांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते खाटेवर बसून राहिले. पुढे दादी गेली. आज मला दोन गाण्यांची चाल येते, शब्द येत नाहीत.

ही चूक एका पोरीची होती, पण समाज म्हणून आपणही तेच केले आहे. आपल्या भाषणांत शाहीर अमर शेखांचे नाव हमखास येते. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल आईच्या ओव्या ऐकत वाढला आणि अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून सबंध महाराष्ट्राला जागे करत गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो आवाज शोधायला बसले तर माझ्या हाती फार थोडे लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या कडेगावच्या मोहर्रमचे गगनचुंबी ताबूत पाहायला लांबून माणसे येतात. हिंदू-मुसलमान दोघे ते ताबूत उचलतात. भेटींच्या वेळी मेलवाले गाणी म्हणतात. ताबुतांचे फोटो दरसाल निघतात. गाण्यांसाठी मात्र नीट बसून कोणी माइक धरलेला माझ्या पाहण्यात नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपण स्वतःला लिहून ठेवायला शिकलो. ऐकून ठेवायला मात्र शिकलो नाही.

हे होण्याजोगे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या अनेक ओव्या त्या बायांच्याच आवाजात आज ऐकायला मिळतात. जाते बंद पडले तरी गाणे राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना गृहपाठ दिला. आजीचे, नानीचे एक गाणे मोबाइलवर भरून आणा. गाणारीची परवानगी घ्या, नाव, गाव आणि तारीख लिहा. सात मुलांनी आणले. एकात मागे कुकरची शिट्टी आहे, एकात आजी मध्येच हसू लागते आणि गाणे अर्धेच राहते. एका मुलाने रिकामा कागद आणला. त्यावर लिहिले होते, "नानी म्हणाली, बाईचा आवाज घराबाहेर जाऊ नये." मी त्याला पूर्ण गुण दिले. नानीचा तो अधिकार आहे. पण कागद वाचताना लखनौच्या त्या चार वर्षांची आठवण झाली.

या सात ध्वनिमुद्रणांना मी लगेच पाचवी जागा दिलेली नाही. दिली असती तर ते कौतुक झाले असते, समीक्षा नव्हे. चौघांना लावलेला नियम यांनाही लागू आहे. पावसाळ्यापर्यंत ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटली पाहिजेत. त्यांतले एक, अर्धेच राहिलेले, मी आतापर्यंत बऱ्याचदा ऐकले आहे.

यादी मी पुन्हा बाईंना दाखवली. पाचवा आकडा आणि पुढे कोरी जागा. त्यांनी जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "मेरी अम्मी को बहुत गाने आते हैं. लेकिन वो मोबाइल देखके शरमाती है." मी म्हटले, मोबाइल दिसणार नाही असा ठेवू. त्या म्हणाल्या, नाही, विचारूनच ठेवू. पुढच्या रविवारी जायचे ठरले आहे.